आत आहे, फक्त उठत नाही

सोमवार, २ सप्टेंबर २००२

वही आदितीची आहे. सहावीत पहिली आली म्हणून तिला शाळेनं दिलेली. कोल्हापुरात काय काय बघितलं ते रोज लिहायचं आणि दिवाळीला आलं की दाखवायचं, असा हुकूम करून तिनं ती माझ्या पिशवीत कोंबली. पद्मानं डब्यात दशम्या दिल्या आणि एवढंच म्हणाली, की गोड बोलणाऱ्याच्या घरी जरा जपून राहा. मी हसलो. गोड बोलण्यात माझा हात धरणारा शिरोळ तालुक्यात अजून जन्मायचाय.

उद्यमनगरात शिरलो आणि कानांचा सण झाला. डाव्या हाताला एक लेथ फिरत होता, त्याच्या आवाजात बारीक किरकिर. आत डोकावून मालकाला म्हटलं, मागचं बेअरिंग चाललंय, आठवडा काढेल. त्यानं ‘पावणं, तुमी कोण म्हणायचं?’ म्हणून मला वरखाली बघितलं, मशीनवर हात ठेवून अंदाज घेतला आणि चहा सांगितला. गावात पाय टाकून पाच मिनिटं झाली नव्हती. माझं सगळं आयुष्य असंच कानावर उभं आहे. चौदाव्या वर्षी रेडिओ दुरुस्त करायला लागलो तो उघडायच्या आधी ऐकून. मग टीव्ही. मग पुस्तकं आणून कॉम्प्युटर. शाळा दहावीपर्यंत, पुढचं सगळं बिघडलेल्या यंत्रांनी शिकवलं.

गणपतराव, ज्यांना सगळी गल्ली आण्णा म्हणते, त्यांचं पॅटर्नचं दुकान आहे. लोखंड ओतायच्या आधी वाळूत ठसा उठवावा लागतो. तो उठवायचा लाकडी नमुना म्हणजे पॅटर्न. खाली दुकान, मागं घर, वर ऑफिस आणि ऑफिसला लागून माझी खोली. कॉम्प्युटर सांभाळायच्या आणि त्यावर ड्रॉइंग काढायच्या या कामाला माझ्यासकट चार जण येऊन गेले होते. बाकी तिघं कोल्हापूरचेच, माझ्यापेक्षा शिकलेले. आण्णांनी ठेवलं मला. मागच्या आठवड्यात भेटायला आलो तेव्हा कॉम्प्युटरचं एक अक्षर विचारलं नाही. जन्मसाल विचारलं, सदुसष्ट म्हटल्यावर मान डोलावली. आमच्यात म्हाळ घालतात का, पितरं जेवू घालतात का, तेही विचारलं. जैनांत ते नाही म्हटल्यावर ‘बरं हाय, बरं हाय’ म्हणाले. म्हातारपणाकडे झुकलेल्या माणसाला असल्या चौकश्यांची हौस असते.

काम बरं झालं तर दिवाळीनंतर कायम. मागच्या दोन खोल्या देतो, पोरीला इथं शाळेत घाला, असं स्वतःहून म्हणाले. आण्णांच्या बायकोनं, बयाबाई वहिनींनी, माझ्यासाठी कांदा-लसूण न लागलेली वेगळी भांडी काढली आणि ऊन उतरायच्या आत ताट वाढलं. दिवस मावळल्यावर मी जेवत नाही, हे मी सांगायच्या आधीच त्यांना माहीत होतं.

बुधवार, ४ सप्टेंबर

ज्या कॉम्प्युटरसाठी मला आणलं ते मशीन आज बघितलं. आण्णांच्या धाकट्या भावाचं. जोतिराम. गेल्या वर्षी भर दुपारी याच खुर्चीत बसल्या बसल्या गेला. चौतिसाव्या वर्षी. वहिनी लग्न होऊन आल्या तेव्हा तो रांगत होता. आई लवकर गेली म्हणून वहिनींनीच वाढवला. लहानपणच्या पोलिओनं डावा पाय ओढायचा. पण डोकं असं, की ड्रॉइंग बघून लाकडाला हात लावायच्या आधी आत हवा कुठं अडकेल ते सांगायचा. तो गेल्यापासून फौंड्रीवाले दुसरीकडे वळायला लागलेत. आण्णा हे सांगताना टेबलाचा कोपरा अंगठ्यानं घासत होते.

त्यानं मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स टाकून ठेवलेलं आहे, आणि फार नीट. मी स्वतः असं काम केलं असतं तर आठवडाभर मिशीला पीळ दिला असता. गंमत म्हणजे चालू केलं की पडद्यावर पहिली ओळ येते: ‘वैनी, च्या ठेव.’ अक्षरं इंग्रजी, बोलणं कोल्हापुरी. वहिनींना इंग्रजी येत नाही, पण ती ओळ त्यांना अक्षरशः तोंडपाठ आहे. वर्ष झालं, रोज सकाळी त्या वर येतात, बटण दाबतात, ओळ येईपर्यंत उभ्या राहतात आणि खाली जाऊन खरंच चहा ठेवतात. आज तो चहा मला मिळाला. आलं जरा जास्त होतं. जोतीला तसाच लागायचा म्हणाल्या.

शुक्रवार, ६ सप्टेंबर

आज माझ्या हातून घोळ झाला.

शिरोलीच्या फौंड्रीला ड्रॉइंग त्यांच्या पद्धतीनं पाहिजेत. ते सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं. म्हणून जोतिरामचं काही न हलवता डिस्कवर शेजारी जागा करून विंडोज टाकायचं ठरलं. टाकलं. झकास बसलं. बंद करून चालू केलं तर नुसतं विंडोज उघडलं. हिरवी टेकडी, निळं आभाळ. जोतिरामची ओळ नाही.

कारण साधं आहे, आणि मला ते माहीत असायला हवं होतं. डिस्कच्या अगदी पहिल्या कप्प्यात, पाचशे-बारा अक्षरं मावतील एवढ्या जागेत, एक बारका प्रोग्रॅम असतो. बूट लोडर. मशीनला वीज मिळाली की पहिल्यांदा तोच जागा होतो आणि ठरवतो, आत कोणाकोणाचा मुक्काम आहे आणि कोणाला उठवायचं. विंडोज आलं की ते दारावरची जुनी पाटी पुसून स्वतःची लावतं.

वहिनी माझ्या मागंच उभ्या होत्या. टेकडीकडं बघत राहिल्या. मग जिना उतरून गेल्या. आज चहा झाला नाही.

आण्णा वर आले. मला वाटलं, आता शिव्या. पण त्यांनी फक्त विचारलं, पुसला का? मी म्हटलं, नाही आण्णा, तो जिथल्या तिथं आहे. पाटी गेलीय, घर शाबूत आहे. त्यांनी तेच तीन वेळा माझ्याकडून वदवून घेतलं. शेवटी स्वतःशीच म्हणाले, ‘म्हंजे आत हाय. फकस्त उठत न्हाय.’

सोमवार, ९ सप्टेंबर

उठवला!

शनिवार-रविवार सीडी शोधण्यात गेले. आज सकाळी लिनक्सच्या सीडीवरून मशीन उठवलं, दुरुस्तीच्या वाटेनं आत शिरलो, जोतिरामचं घर हुडकलं, त्याच्या घरात उभं राहून बूट लोडर परत पहिल्या कप्प्यात लिहिला. सीडी काढली, जीव मुठीत धरून बटण दाबलं. काळ्या पडद्यावर दोन नावं आली. वर जोती, खाली विंडोज. दहा सेकंद उलटे मोजले जातात, तेवढ्यात कोणी काही दाबलं नाही तर वरचा उठतो. मी हात लावला नाही. दहा, नऊ, आठ… ‘वैनी, च्या ठेव.’

वहिनी तोंडाला पदर लावून रडल्या आणि हसल्या. आलं घातलेला चहा आला, वर बुंदीचा लाडू.

आण्णा बराच वेळ माझ्याजवळ बसले. एका पेटीत दोघं कसे राहतात ते समजून घ्यायचं होतं. मी खुलवून सांगितलं; शिकवायला मला आवडतं. दोघं असतात, पण एका वेळी एकच जागा. दुसऱ्याला आपण झोपलोय हेसुद्धा कळत नाही. मग त्यांनी विचारलं, मालक कोण मग? मी म्हटलं, ज्याचं नाव वर तो. आण्णा हसले आणि माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, तुमच्या रूपानं भाऊच मिळाला बघा. जोतीचे चार सदरे आणून दिले. खांद्यात बरोबर बसतात.

उद्या गणपती. पद्माला बूथवरून फोन केला. आदितीला कोल्हापूरच्या दोन खोल्यांची गोष्ट सांगितली, तर तिनं खिडकी कुठल्या बाजूला आहे ते विचारलं.

मंगळवार, २४ सप्टेंबर

दोन आठवडे लिहिणं झालं नाही. काम जोरात. शिरोलीची पहिली दोन ड्रॉइंग पास झाली.

आज जोतिरामचा म्हाळ होता. पितृपंधरवड्यात गेलेल्या माणसाच्या तिथीला त्याच्याच वयाचा कोणी बोलावतात, त्याला पितर म्हणून पाटावर बसवून जेवू घालतात. गेलेला त्याच्या तोंडानं जेवतो. आण्णांनी हात जोडून विचारलं, तुम्ही बसाल का? पंचक्रोशीत जोतीच्या वयाचा, आणि घरातल्यासारखा, दुसरा कोण आहे? कोणाच्या मेलेल्या भावासाठी चार घास खायला धर्म आडवा येत नाही, असं मी मनाशी म्हटलं. सगळं बिनकांद्याचं, दिवसाउजेडी.

अंगावर नवा टॉवेल, डोक्याला टोपी. खीर, उडदाचे वडे, कढी, गवारीची भाजी. आण्णांनी कपाळाला गंध लावून जोती म्हणून हाक मारली आणि मला ओ द्यायला सांगितलं. मी दिली. सगळे ओळीनं पाया पडले. वहिनीही. पोट तुडुंब भरलं. खिरीनंतर डोळे जडावले. हात धुऊन वर जाऊन पडलो.

एक बारकी गोष्ट. हात धुताना बघितलं, तर वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेरच्या उंबऱ्याजवळ उभ्या होत्या, कोणाला तरी निरोप द्यायला थांबल्यासारख्या. मी जिन्याकडं वळलो तर त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आण्णा म्हणाले, झोपू दे त्याला.

गुरुवार, २६ सप्टेंबर

कामाच्या सोयीसाठी मेनूत विंडोजचं नाव वर घेतलं होतं. आज सकाळी बघतो तर जोती परत वर. वहिनींना हे जमणं शक्य नाही. आण्णांना माऊस धरता येत नाही. मी पुन्हा बदललं.

दुपारी तीनच्या सुमाराला जिन्यावर कोणीतरी चढत होतं. उजवा पाय ठक, डावा घसटत. ठक… सर्र. ठक… सर्र. मी ऐकत होतो, म्हणजे मला वाटतं मी खुर्चीत बसून ऐकत होतो. आवाज वर आला, माझ्यापर्यंत आला आणि थांबला. दारात कोणी नव्हतं.

माझा हात जिन्याच्या कठड्यावर होता.

शनिवार, २८ सप्टेंबर

घाबरण्यासारखं काही नाही, असं लिहून ठेवतो. जागरण नाही, ताप नाही. तरी नीट तपासलं, जसं मशीन तपासतो तसं.

एक. मशीन प्रत्येक बदलाची वेळ नोंदवून ठेवतं. मेनूतलं नाव बुधवारी सकाळी अकराला आणि काल सकाळी अकराला बदललंय. दोन्ही वेळा त्या खुर्चीत मीच होतो. अकरा ते बारा मी काय करत होतो, आठवत नाही. काल संध्याकाळपर्यंत तीन ड्रॉइंग पुरी झाली होती. मी दोन केली.

दोन. माझ्या डाव्या चपलेचा अंगठा झिजलाय. चार दिवसांत. उजवी नवी कोरी.

तीन. घरी फोन केला. आदितीनं उचलला. मी बोललो. ती थोडी थांबली आणि आईला हाक मारून म्हणाली, आई, कोल्हापूरचे कुणीतरी काका बोलतायत. मी म्हटलं, अगं बाळ, मी पप्पा. ती हसली नाही. पद्मानं फोन घेतला आणि विचारलं, सर्दी झालीय का, आवाज कसला लागलाय? मी हो म्हटलं. माझे कान मला फसवत नाहीत. बूथच्या काचेतून माझाच आवाज परत ऐकू येत होता. हेल माझा नव्हता.

सोमवार, ३० सप्टेंबर

जेवणाचा वास हाताला येतोय. साबणानं चार वेळा धुतला. मटणाचा आहे. नखात रस्सा होता.

पस्तीस वर्षांत अंड्याला शिवलो नाही. खाली वहिनींना विचारलं. त्या खाली मान घालून भांडी घासत राहिल्या. म्हणाल्या, तुम्हीच मागितलंत. नळी फोडून खाल्लीत. मी ओरडलो, आणि तुम्ही वाढलंत? तर म्हणाल्या, त्यानं मागितल्यावर मी न्हाय कशी म्हणू?

त्यानं.

आता एकच उपाय. मशीन बिघडलं की वापरायला आपण वेगळी फ्लॉपी करून ठेवतो. स्वतःसाठी तेच करतो. वहीच्या कोऱ्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय: तुझं नाव शांतिनाथ. गाव शिरोळ. बायको पद्मावती. मुलगी आदिती, सातवीत. तू मटण खात नाहीस. तुझे दोन्ही पाय धड आहेत. रोज उठलास की पहिल्यांदा हे वाच.

मंगळवार, १ ऑक्टोबर

ऐकू आलं. फरशीला कान लावायचीसुद्धा गरज पडली नाही.

खाली शिरोलीचा फौंड्रीवाला आला होता. आण्णा त्याला सांगत होते, की सोमवारपासून अवघड कामंही पाठवा. तो म्हणाला, पण जोतिरामची सर कुणाला यायची? आण्णा म्हणाले, ‘जोतीच करतोय. परत आणलाय त्येला.’ दोघं हसले. फौंड्रीवाला थट्टा समजून हसला. आण्णांचं हसणं मला माहीत आहे. ते थट्टेचं नव्हतं.

आण्णा त्याला सोडायला गेल्यावर वहिनींना गाठलं. रडत रडत त्यांनी सांगितलं. ‘तुमास्नी कुणीच सांगितलं न्हाय व्हय? पितरानं जेवून झालं की उंबरा वलांडून जायचं आसतंय. मागं वळून बगायचं न्हाय. म्हून तर पितर भायरचा बोलवत्यात, ज्येला जायला घर आसतंय. घरात ऱ्हाणाऱ्याला कुणी बशिवत न्हाय.’ मी जेवलो आणि जिना चढून वर गेलो. त्याला घेऊन.

ते तिघं कोल्हापूरचे. त्यांना हे माहीत असणार. जेवून ते वर झोपायला कधीच गेले नसते. मला नाही माहीत. म्हणून मी. माझे कान बघून नाही, माझं काम बघून नाही.

आणि मी मिशीला पीळ देत बसलो होतो, की चौघांतून मला निवडला.

बुधवार, २ ऑक्टोबर

सकाळी पान वाचलं, पिशवी भरली, निघालो. आण्णा दुकानात होते. अडवलं नाही. ‘जावा की’ म्हणाले. स्टँडवर आलो. शिरोळची गाडी लागलेली. खिडकीजवळ बसलो, कंडक्टरनं तिकीट दिलं—

साडेबारा. खुर्चीत आहे. समोर अर्धं झालेलं ड्रॉइंग. पंपाचं आवरण, फार सुंदर काढलंय. खिशात शिरोळचं तिकीट.

दोन वाजता पुन्हा गेलो. पुन्हा खुर्ची.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

आण्णांना समोर बसवलं. त्यांनी नाकारलं नाही, हेच जास्त लागलं. नाकारलं असतं तर भांडता आलं असतं.

शांतपणे म्हणाले, की म्हाळाचं मनात आधीपासून होतं, पण धीर होत नव्हता. धीर तुम्ही दिलात. एका पेटीत दोघं राहतात, आतलं काही पुसत नाही, फक्त पाटी बदलते, हे तुम्हीच शिकवलंत की. मी तुमचं काही पुसलेलं नाही, शांतिनाथ. तुम्ही आत आहात.

पगार वेळेवर शिरोळला जाईल म्हणाले. दोन खोल्यांचा शब्दही पाळणार. बायको-पोरीला आणा. जोतीला संसार नव्हता, तोही होईल.

मी त्यांच्या तोंडावर थुंकायला उठलो. उठलो तसा डावा पाय मागं राहिला. आण्णांनी पटकन काखेत हात घालून मला सावरलं. फार मायेनं. सवयीचा हात होता तो.

त्यांना भाऊ मानलं होतं मी. पद्माला फोनवर सांगितलं होतं, की असा माणूस मिळायला भाग्य लागतं.

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

सकाळी पुसून टाकला. मशीनमधून. त्याचा सगळा कप्पा, फाइली, ती ओळ, पहिल्या कप्प्यातला बूट लोडर, सगळं. तिथं परत विंडोजची पाटी लावली. जुनं बिऱ्हाड उठलं की माणूस जातो, असं वाटलं.

वहिनी रोजच्यासारख्या वर आल्या. बटण दाबलं. टेकडी आली. त्या वळून माझ्याकडं बघायला लागल्या, वाट बघितल्यासारखं.

आणि माझ्या तोंडातून आलं. च्या ठेव म्हणून.

आता त्याला दुसरी जागाच राहिली नाही. हे मी केलं. मी स्वतः—

शनिवार, ५ ऑक्टोबर

पहिलं पान फाटलेलं आहे. मुळापासून, पट्टी लावून, नीट. असं नीट मी फाडत नाही.

आठवून परत लिहितो. शांतिनाथ. शिरोळ. पद्मा. मुलगी— मुलगी आहे. सातवीत. नाव अ-वरून. थोड्या वेळानं येईल.

वहिनींनी दार लावून हळूच सांगितलं. उद्या सर्वपित्री अमावास्या. सगळी पितरं उद्या जातात. उद्या दिवस मावळायच्या आत जो उंबऱ्याबाहेर गेला तो गेला, आत राहिला तो कायमचा. आण्णा दुपारी शिरोलीला जाणार. तेवढ्यात त्या रस्त्यावर पान वाढून ठेवतील, तांब्या घेऊन उभ्या राहतील आणि मला माझ्या नावानं तीन हाका मारतील. माझ्या नावाला मी ओ द्यायची आणि बाहेर पडायचं. नुसतं चालत गेलो तर तो परत आणतो. नावाला ओ दिली तर माझं अंग सोडून पितरांबरोबर जावं लागतं त्याला.

मी विचारलं, तुमचा पोरगा जाईल ना मग? त्यांनी पदर डोक्यावर नीट ओढला. मग म्हणाल्या, येकदा मसणात पोचिवलाय त्येला. दुसऱ्याची पोर उघडी पाडून न्हाय ठिवायचा.

अदिती. आदिती. आलं. आ आहे.

रविवार, ६ ऑक्टोबर

दुपार. आण्णा गेले. मोटारसायकल कोपऱ्यावर वळली, तिसरा गिअर पडला, मग ऐकू येईना.

उंबऱ्यापासून चार हातांवर बसलोय. वही मांडीवर. लिहीत राहिलो की मी मी असतो, म्हणून लिहितोय. तीन हाका. एक ओ. एवढंच. त्यात काय आहे.

शांतिनाथ शांतिनाथ शांतिनाथ शिरोळ पद्मा आदिती खिडकी कुठल्या बाजूला म्हणाली होती ती—

पान ठेवलं. पत्रावळीचा आवाज. तांब्यात पाणी हललं. बांगड्या. सगळं ऐकू येतंय, कान तसेच आहेत.

पहिली हाक. आली. स्वच्छ आली. उठायचं आता. पाय जरा—

दुसरी.

वैनी रस्त्यात हुबं राहून हाका माराय लागल्यात. भर उनाचं. गल्ली बगतीया सगळी. काय झालंय ह्यांस्नी?

शांतिनाथ म्हणं. कोण ह्यो शांतिनाथ? आण्णा आल्यावर इचारतो.

तिसरी मारली. रडत्यात लई. त्या गड्याला ऐकू येत न्हाय व्हय? बाई मान्सानं एवढ्या जिवाच्या आकांतानं बोलवायचं आन् ह्येनं साधी ओ बी दिऊ न्हाई. असला कसला दगाबाज मानूस आसंल त्यो, ज्येच्यावर वैनींनी इस्वास ठिवला.